आवाज कमी करणे आणि नाजूक वाजवणे

नागपुरात एकांकिकांना पार्श्वसंगीत करून देणाऱ्या आम्हा चार-पाच जणांकडे एक प्रश्न सतत येत असतो: ‘व्हायोलिन खरी वाटत नाहीत, कोणती लायब्ररी घेऊ?’ (लायब्ररी म्हणजे संगणकावर वाजवायला खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड करून ठेवलेले सूर, म्हणजेच सँपल.) सोबत एखादी फाइल येते, आणि ती उघडून पाहिली की लायब्ररीत बहुतेक वेळा काहीच खोट सापडत नाही. लांब सूर असतात, त्यांच्याखाली चढ-उताराची सुबक रेघ काढलेली असते, फक्त ती रेघ भलत्याच रकान्यात असते. सीसी, म्हणजे कंट्रोल चेंज, हे वाजवताना वाद्याला दिले जाणारे क्रमांकित हुकूम, आणि ती रेघ सीसी ११ मध्ये, म्हणजे एक्स्प्रेशनमध्ये काढलेली असते. सीसी १, ज्याला या लायब्रऱ्यांत डायनॅमिक्स म्हणतात, त्याला हातही लागलेला नसतो. प्रत्येकाला हे फोनवर वेगळे समजावून सांगण्याचा आता मला मनापासून कंटाळा आला आहे, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो.

एक्स्प्रेशनबद्दल फार लिहायला नको. मिक्सरवरची पट्टी वर-खाली सरकवल्याने जे होते, तेच ते करते. सीसी ७ हे त्या वाद्याचे एकूण माप आणि सीसी ११ हा त्या मापातला हिस्सा, एवढाच त्या दोघांत फरक आहे. मिक्स करताना ७ ला हात लावावा, सुरावटीला वळण देताना ११ ला, आणि पुढे जावे.

डायनॅमिक्समध्ये मात्र पट्टी सरकत नाही, तर मूळ रेकॉर्डिंगच बदलते. सँपल घेताना वादकांकडून एकच सूर अनेकदा वाजवून घेतात: एकदा गज तारेवर जेमतेम टेकवून, एकदा मध्यम जोराने, एकदा पूर्ण दाबाने. हे थर एकमेकांवर रचलेले असतात आणि ० ते १२७ या आकड्यांत फिरणारे सीसी १ हे त्या थरांमधून ये-जा करण्याचे साधन असते. ते २० वर ठेवले तर नाजूक वाजवलेला सूर ऐकू येतो, ११० वर ठेवले तर जोरात वाजवलेला, आणि मधल्या जागी दोन थरांचे मिश्रण. वरच्या थरातला सूर मोठा ऐकू येतो हे खरे, पण त्याचे कारण तो वेगळ्या हाताने वाजवला गेला हे असते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्यांनी नादाची तीन लक्षणे पाठ केलेली असतील: उच्चनीचता, लहानमोठेपणा (म्हणजे आवाजाची पातळी) आणि जाती (म्हणजे सुराचा पोत). सीसी ११ फक्त लहानमोठेपणाला हात लावते. सीसी १ त्याच्याबरोबर जातीही बदलते. पितळी वाद्यांत हे सर्वांत ठळकपणे कळते, कारण फुंकर वाढली की त्यांच्यातले वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर, झपाट्याने वाढतात आणि सुराला धातूची धार चढते. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या गल्लीतून वरात चाललेली असते आणि आपण तीन गल्ल्या पलीकडे गच्चीवर बसलेलो असतो. कानावर येणारा आवाज लहान असतो, तरीही तो ट्रंपेटवाला जीव तोडून फुंकतो आहे याबद्दल आपल्याला क्षणभरही शंका येत नाही. उलट, लाउडस्पीकरवरून कोणी कुजबुजले तर ते मैदानभर ऐकू जाते, पण ती कुजबुजच राहते. सीसी १ उंचावर ठेवून नुसते सीसी ११ उतरवले की आईच्या मृत्यूच्या प्रसंगामागे आपण जे वाजवतो, ते तीन गल्ल्या पलीकडचे वऱ्हाड असते. ‘कीबोर्डसारखे वाटते’ हा दिग्दर्शकांचा शेरा बहुधा याच विसंगतीला दिलेला असतो, कारण त्यांना नाव सांगता आले नाही तरी खोट ऐकू येतेच.

या घोळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. ‘आवाज’ या एका शब्दात आपण पातळी, पोत आणि गळा हे तिन्ही कोंबतो, आणि ‘हळू वाजव’ म्हटल्यावर लय कमी करायची की जोर, हे तालमीत विचारून घ्यावे लागते. शिवाय आपला कान हार्मोनियमवर तयार झालेला आहे. भाता हलका केला की सूर लहान होतो, पण त्याची जात फारशी बदलत नाही. हार्मोनियम हे जवळजवळ शुद्ध एक्स्प्रेशनचे वाद्य आहे, आणि पेटीवर वाढलेला माणूस व्हायोलिनच्या समूहालाही भाताच लावतो.

हा फरक स्वतः ऐकायचा असेल तर व्हायोलिन समूहाचा लांब सूर घ्या, तो आठ सेकंद धरा आणि त्याच्या दोन प्रती करा. पहिलीत सीसी १ ला ११० आणि सीसी ११ ला ४५ द्या, दुसरीत सीसी १ ला ३० आणि सीसी ११ ला १२०. मग मीटर पाहून दोन्हींची पातळी सारखी होईपर्यंत फक्त सीसी ११ जुळवा, कारण कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणून मोकळा होतो. पहिल्या प्रतीत सूर घट्ट, काहीसा टोचणारा लागेल. दुसरीत तो सैल असेल आणि त्याच्या सुरुवातीला गजाची बारीक खरखर ऐकू येईल. हा प्रयोग मे महिन्यात दुपारी करू नये. कूलर चालू असताना ती खरखर पूर्ण बुडते. मी एका उन्हाळ्यात अख्खी एकांकिका कूलरच्या घरघरीत बसून केली, नाजूक थर ऐकू येईना म्हणून प्रत्येक ठिकाणी सीसी १ चालवणारे कीबोर्डावरचे चाक वर ढकलत गेलो, आणि वातानुकूलित सभागृहात पहिल्या प्रवेशापासूनच पात्रांच्या मागे रणभूमी वाजू लागली. तेव्हापासून डायनॅमिक्सचे काम रात्री, कूलर बंद करून, हेडफोनवर, आणि घामासकट.

सीसी १ हे नाव मूळचे या कामासाठी नव्हते, हेही सांगायला हवे. १९८३ साली मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसांत बोलण्याची सामायिक भाषा, आली तेव्हा पहिला क्रमांक मॉड्युलेशनच्या चाकाला मिळाला, आणि १९९१ च्या जनरल मिडी या ठरीव मांडणीच्या वळणाच्या कीबोर्डांवर ते चाक ढकलले की सूर थरथरू लागतो. पुढे सँपल लायब्ररी करणाऱ्यांनी डाव्या हाताशी आयतेच असलेले ते चाक थरांसाठी वापरायला घेतले. त्यामुळे जुन्या साउंडफाँटमध्ये (सँपलांच्या जुन्या धाटणीच्या फाइलींत) चाक फिरवून थरथर ऐकलेला माणूस नव्या लायब्ररीत त्याच्या वाटेला जात नाही. आणखी एक: गाण्याच्या सुरुवातीलाच सीसी १ ची किंमत लिहून ठेवावी. ती नसेल तर चाक मागच्या वेळी जिथे राहिले तिथूनच वाजते, कधी अगदी शून्यावरून, आणि मग ‘लायब्ररी बिघडली’ असा फोन येतो.

आता स्वस्ताईकडे. स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही आवृत्ती विनामूल्य मिळते, सुमारे २०० एमबी जागा घेते आणि तिच्यात डायनॅमिक्स आणि एक्स्प्रेशन या दोन्ही पट्ट्या पडद्यावर वेगवेगळ्या दिसतात. शिकण्यासाठी मी हिचेच नाव देतो, कारण साध्या लॅपटॉपवरही ती कुरकुर करत नाही. व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी एसएफझेड या सँपल-फाइलींच्या स्वरूपात फुकट आहे आणि प्लोगच्या सफोर्झांडो या फुकट प्लेअरमध्ये उघडते. व्हीएससीओ २ या लायब्ररीची कम्युनिटी आवृत्ती सीसी-शून्य परवान्याची आहे, म्हणजे व्यावसायिक कामातही ती बिनघोर वापरता येते (हा सीसी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा आहे, वरच्या सीसींशी त्याचे नाते नाही). कागदावर स्वरलिपी लिहिण्याची सवय असलेल्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आलेले म्युझस्कोर ४ हे स्वरलिपीचे सॉफ्टवेअर आणि त्याचे म्युझ साउंड्स हे आवाज घ्यावेत. तिथे पी (नाजूक) आणि एफ (जोरात) या खुणा लिहिल्या की त्यांप्रमाणे वादन बदलते आणि चाकाची भानगडच उरत नाही.

मात्र कोणतीही फुकट किंवा स्वस्त लायब्ररी घेताना वरचाच प्रयोग आधी करावा. पुष्कळ लायब्रऱ्यांत एकाच जोराचे रेकॉर्डिंग असते आणि चाक फिरवल्यावर नुसता आवाज कमी होतो, फार तर एखादा फिल्टर वरचे उपस्वर कापतो. फिल्टरची ही युक्ती तंतुवाद्यांच्या समूहात खपून जाते, पितळी वाद्यांत अजिबात नाही. तसेच दोन थर मिसळताना समूहात काही खटकत नाही, पण एकट्या बासरीत किंवा एकट्या व्हायोलिनमध्ये मधल्या जागी चक्क दोन वादक वाजताना ऐकू येतात. म्हणून कमी पैशांत काम करायचे असेल तर समूहावर लिहावे, एकल वाद्य टाळावे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते जास्त थरांसाठी करावेत. दहा ठिकाणी लावलेल्या मायक्रोफोनांसाठी एक रुपयाही देऊ नये असे माझे ठाम मत आहे. हार्ड डिस्क भरून चोरीची लायब्ररी आणणाऱ्यांशी मी या विषयावर बोलतच नाही, आणि चाकाला हात न लावता त्यांची व्हायोलिनही कीबोर्डासारखीच वाजतात.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. कीबोर्डाची पट्टी किती जोरात दाबली, म्हणजे व्हेलॉसिटी, ही तुटक सुरांचा जोर ठरवते. लांब सुरांत ती बहुधा नुसती सुरुवात बदलते, म्हणून लांब सुरांसाठी बोटे आपटू नयेत. लायब्ररी उघडून वाजवणाऱ्या कोंटॅक्ट या सॉफ्टवेअरचा प्लेअर फुकट आहे आणि पूर्ण कोंटॅक्ट विकत आहे. पूर्ण आवृत्तीसाठी केलेली लायब्ररी प्लेअरमध्ये १५ मिनिटांनी गप्प होते, आणि तिने असे वागणेच अपेक्षित आहे.

चाक नसलेला २५ पट्ट्यांचा कीबोर्ड असला तरी चालते. त्याच्या एखाद्या घुंडीला सीसी १ नेमून द्यावे, नाहीतर माउसने रेघ काढावी, पण ती सरळ उतरंड नसावी. आणि शक्य असेल तर समूहावर एक खरे व्हायोलिन चढवावे. धरमपेठेत, लक्ष्मीनगरात क्लासेसमधून वाजवणारी मुले आहेत, साधे रेकॉर्डिंग पुरते. मात्र त्या मुलाने ज्या जोराने गज ओढला असेल, त्याच जोराच्या थरावर आधी सीसी १ आणून ठेवावे आणि मगच सीसी ११ ने दोघांची पातळी जुळवावी. मागच्या खेपेला माझ्या समूहाचे चाक ९० वर राहिले होते आणि मुलाने सूर जेमतेम टेकवला होता. पट्टी कितीही सरकवली तरी दोघे एका खोलीत येईनात. चाक ३५ वर आणले आणि एक्स्प्रेशन पूर्ण उघडले, तेव्हा मुलाचे व्हायोलिन त्या समूहातलेच एक होऊन गेले.