फ्रेंच ताट नेमके कोणाचे? पदार्थांतून ओळख मांडणाऱ्या कलेची पार्श्वभूमी

फ्रान्समधील काही कलावंत पारंपरिक पदार्थ थेट कलादालनात मांडून ‘आजचा फ्रेंच माणूस कोण’ हा प्रश्न विचारत आहेत. या प्रश्नाला एवढे वजन का आले, हे समजून घ्यायचे तर ताट आणि राष्ट्र यांची सांगड त्या देशात कशी घातली गेली, तिथपर्यंत मागे जावे लागते.

मारी-आंत्वान कारेम (१७८३–१८३३) या पाककर्त्याने राजकीय मेजवान्यांसाठी साखर आणि बदामाच्या लगद्यातून मंदिरे, कमानी आणि भग्नावशेष उभारले. त्यांचे आराखडे त्याने पॅरिसच्या ग्रंथालयातील वास्तुचित्रे अभ्यासून तयार केले होते. पुढे मोटारप्रवासाच्या काळात क्युरनोन्स्कीसारख्या लेखकांनी प्रांतोप्रांतीचे पदार्थ नोंदवून त्यांना राष्ट्राचे वैभव ठरवले, आणि १९२३ मध्ये पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ या कलाप्रदर्शनात प्रादेशिक पाककलेला स्वतंत्र दालन मिळाले. पाककला ही कला आहे, हे तेव्हाच मान्य झाले होते. त्या कलेतून राष्ट्राचे गुणगान सोडून दुसरे काही बोलता येईल, हे मात्र अजून कोणाला सुचले नव्हते.

ती कोंडी फोडण्यात रुमानियात जन्मलेल्या डॅनिएल स्पोएरी याचा वाटा मोठा होता. १९६० पासून तो जेवण आटोपलेल्या टेबलावरील उष्ट्या बश्या, पेले, राख आणि पावाचे तुकडे जागच्या जागी चिकटवून ते टेबल भिंतीवर उभे टांगू लागला. १९६३ मध्ये त्याने पॅरिसच्या ‘गॅलरी जे’चे उपाहारगृह केले, तेव्हा पाहुण्यांना वाढण्याचे काम कलासमीक्षकांनी केले. १९८३ मध्ये पॅरिसजवळच्या झुई-आं-झोसा येथे त्याने पाहुण्यांच्या भोजनाची टेबले भांड्यांसह जमिनीत पुरली, आणि २०१० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी त्या जागेचे रीतसर उत्खनन केले. फ्रेंच भोजनाकडे संस्कृतीचा अवशेष म्हणून पाहण्याची ही दृष्टी पुढच्या पिढीला मोलाची ठरली.

मात्र त्या टेबलावर कोणाला जागा आहे, हा प्रश्न वसाहतीच्या इतिहासातून आला. १८३० पासून फ्रान्सच्या ताब्यात असलेला अल्जेरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधीपासून फ्रेंच कारखान्यांत राबणारे अल्जेरियन मजूर आणि स्वातंत्र्यानंतर फ्रान्सला परतलेले अल्जेरियातील युरोपीय रहिवासी या दोघांसोबत कुसकुस आला. हा पदार्थ करताना रव्यावर पाणी शिंपडून तो तळहाताने गोल गोल चोळतात, चाळतात आणि रश्श्याच्या वाफेवर शिजवतात. आज तो फ्रेंचांच्या सर्वांत आवडत्या पदार्थांत गणला जातो. तरीही २०१७ मध्ये अतिउजव्या ‘फ्रों नासिओनाल’ पक्षाचा एक नेता स्ट्रासबर्गमध्ये कुसकुस खाताना छायाचित्रात दिसला, तेव्हा त्याच्याच पक्षाच्या समर्थकांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली.

अल्जेरियन आईवडिलांच्या पोटी १९७० मध्ये पॅरिसजवळ जन्मलेल्या कादेर अत्तिया याने २००९ मध्ये याच कुसकुसपासून घार्दाया शहराची प्रतिकृती घडवली. सहारातील मझाब खोऱ्यातले हे बर्बर या उत्तर आफ्रिकेतील मूळ रहिवासी समाजाचे शहर सुमारे हजार वर्षे जुने आहे. फ्रान्समधील आधुनिक वास्तुकलेचा प्रणेता ल कोर्ब्युझिए १९३१ मध्ये तेथे गेला होता आणि तिथल्या साध्या, घनाकार घरांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. अत्तियाने त्या मांडणीजवळ ल कोर्ब्युझिए आणि अल्जेरियात गृहसंकुले बांधणारा वास्तुकार फर्नां पुईयों यांची छायाचित्रे लावली. सोबत मझाबला जागतिक वारसा ठरवणाऱ्या युनेस्कोच्या दस्तऐवजाची प्रतही ठेवली. शिजवलेला कुसकुस प्रदर्शनाच्या काळात वाळतो, त्याला तडे जातात, घरांच्या कडा ढासळतात. म्हणून प्रत्येक प्रदर्शनासाठी हे शहर नव्याने रचावे लागते.

मला या परंपरेतील ही सर्वांत समर्थ कलाकृती वाटते. वसाहतीने फ्रान्सकडून आधुनिकता घेतली, या रूढ कथनाला ती उलटे करते आणि फ्रेंच आधुनिकतेवरचे ऋण दाखवण्यासाठी स्थलांतरितांच्या घरातलाच पदार्थ वापरते.

त्यानंतरच्या वर्षी, २०१० मध्ये, युनेस्कोने ‘फ्रेंचांचे भोजन’ अमूर्त वारसा म्हणून नोंदवले. त्या नोंदीत विशिष्ट पदार्थांपेक्षा एकत्र बसून, क्रमाक्रमाने जेवण्याच्या रीतीला महत्त्व आहे, त्यामुळे कुसकुसला तिथे मज्जाव नाही. २०२० मध्ये कुसकुसचीही नोंद झाली. ती अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांच्या नावे आहे.