पावसाची नक्षत्रे (गोवा)

पावसाची नक्षत्रे : सूर्य मृगात शिरल्यापासून स्वातीतून बाहेर पडेपर्यंतच्या काळाचे ११ भाग. एक नक्षत्र म्हणजे क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गाचे, १३ अंश २० कला. ते ओलांडायला सूर्याला १३-१४ दिवस लागतात. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे मृगाला ‘मिरग’ म्हणतात. पहिली पाच-सहा नक्षत्रे सर्वांच्या तोंडी असतात. येथे मुख्यतः उतरत्या पावसाच्या नक्षत्रांचा विचार केला आहे : मघा (१६-१७ ऑगस्ट), पूर्वा (३० ऑगस्ट), उत्तरा (१३ सप्टेंबर), हस्त (२६-२७ सप्टेंबर), चित्रा (१० ऑक्टोबर) व स्वाती (२३-२४ ऑक्टोबर). मघांना सासवांचा, पूर्वांना सुनांचा आणि हस्ताला हत्तीचा पाऊस म्हणण्याची रीत घाटावरही आहे. ही गणना सौर असल्याने इंग्रजी तारखांशी जवळपास जुळून राहते. चतुर्थी चांद्रमासाची, म्हणून ती कधी मघांत, कधी पूर्वांत, तर कधी उत्तरांत येते.

यादीचा उगम वादग्रस्त आहे. मृगप्रवेश आणि कोकणपट्टीवर पाऊस पोचण्याची वेळ जवळजवळ एकच, तेव्हा ही गणना पश्चिम किनाऱ्यावरच रुजली असावी, असे एक मत. दुसरे मत संस्कृत ज्योतिषाकडे बोट दाखवते. तेथे आर्द्रेपासून स्वातीपर्यंतची १० नक्षत्रे स्त्रीसंज्ञक मानली असून पर्जन्ययोग त्यांवर बसवले आहेत. पंचांगांत आर्द्राप्रवेशाला आजही वेगळे महत्त्व आहे. अयनचलन लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. संपातबिंदू (दिवस-रात्र समान असतानाचे सूर्याचे स्थान) वर्षाला सुमारे ५०.३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) मागे सरकतो, त्यामुळे नक्षत्रप्रवेश ऋतूच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो. पुरे एक नक्षत्र सरकायला साडेनऊशे वर्षे लागतात. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, मृगप्रवेश आजच्या मोजणीने मेच्या तिसऱ्या आठवड्यात पडत असला पाहिजे. ऋतुमान आजच्यासारखेच धरले, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यावर येणारा पाऊस तेव्हा आर्द्रेचा ठरतो. मिरगाचा मान त्या मानाने अलीकडचा, बहुधा गेल्या काही शतकांतला.

प्राचीन पर्जन्यमानाच्या संदर्भात कौटिलीय अर्थशास्त्रातील एक नोंद नेहमी पुढे केली जाते. जांगल (कोरड्या) प्रदेशात १६ द्रोण (पाऊस मोजण्याचे जुने माप), अश्मकात साडेतेरा, अवंतीत २३ असे आकडे देऊन अपरान्ताचा (पश्चिम किनारपट्टीचा) पाऊस मात्र ‘अमित’ म्हटला आहे. अपरान्तात गोमंतक धरायचा की नाही, यावर एकमत नाही. संज्ञेचा रोख शूर्पारकाकडे, म्हणजे उत्तर कोकणाकडे अधिक दिसतो. जून ते सप्टेंबर सुमारे ३,००० मिमी पाऊस झेलणाऱ्या गोव्याला ते विशेषण शोभते, पण शोभणे हा पुरावा नव्हे.

प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. सूर्यनक्षत्रापासून प्रवेशवेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत दोन्ही टोके धरून मोजायचे व ९ने भागायचे. बाकी १ राहिल्यास घोडा, पुढे क्रमाने कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. शून्य उरल्यास हत्ती. बेडूक, म्हैस व हत्ती भरपूर पावसाचे, कोल्हा व मेंढा ओढ देणारे. समजा, सूर्य हस्तात शिरताना चंद्र रेवतीत आहे. हस्त तेरावे, रेवती सत्ताविसावे. मोजणी १५, बाकी ६. म्हणजे हत्तीच्या पावसाला वाहन उंदराचे! लोकभाषेतला ‘हत्ती’ हस्त या नावातून आला आणि वाहनातला हत्ती भागाकारातून. दोहोंची गल्लत सर्रास होते. शिवाय टिळक पंचांगाचे अयनांश (अयनचलनापोटी वजा करायचे अंश) बहुतेक पंचांगांतील लाहिरी अयनांशांपेक्षा सुमारे ४ अंशांनी कमी, त्यामुळे त्यात सूर्य चारेक दिवस आधी नक्षत्रात शिरतो. तोवर चंद्र तीन-चार नक्षत्रे मागे असतो, आणि शेजारच्या दोन घरांत एकाच पावसाची वाहने वेगळी निघतात. वाहनाचा ढग-वाऱ्याशी संबंध नाही. तो निव्वळ चंद्राचा हिशेब आहे.

नक्षत्र हे भाकीत नव्हे, तारीखपट आहे. आणि एकच तारीखपट साऱ्या देशाला लावता येत नाही. भारतीय हवामान विभागाने २०२०मध्ये सरासरी तारखा सुधारल्या. त्यांनुसार मॉन्सूनची माघार पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला, म्हणजे उत्तरांत सुरू होते. पूर्वी ती १ सप्टेंबर धरत. सलग ५ दिवस पाऊस नसणे, खालच्या थरात प्रतिचक्रवात (उच्च दाबाचे क्षेत्र) बसणे आणि हवेतील बाष्प घटणे, ही माघारीची लक्षणे. सप्टेंबरअखेर, हस्तात, उत्तरेकडची मैदाने बरीचशी कोरडी होतात. त्याच हस्तात गोव्यात सकाळी कडक ऊन पडते, दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाट वाळपईकडून किनाऱ्याकडे येतो. माघार गोव्यात पोचते ती ऑक्टोबरच्या मध्यास, चित्रांत.

याच पंधरवड्यांत सरदाचे (पावसाळी) भात कापणीला येते. पिकलेल्या लोंब्यांवर एक जोराची सर आली की भात आडवे होते, पाण्यात राहिले तर दाण्याला मोड फुटतात. खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या) कोरगुट या भातालाही यातून सुटका नाही. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण उत्तरांऐवजी चित्रा घालूनही सांगतात. भात एवढे पिकेल की कुत्राही तोंड लावणार नाही, हा अर्थ उत्तरांना चालतो, कारण तेव्हा उशिराच्या भातात दाणा भरत असतो. चित्रांना तो लावणे कठीण. तेथे भात कुजून कुत्र्याच्याही कामाचे उरत नाही, असाच अर्थ घ्यावा लागेल. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही तर घाटावरच्या रब्बी ज्वारीची म्हण दिसते. गोव्यात स्वाती लागते तेव्हा भात खळ्यावर असते. त्यानंतर उरल्या ओलीवर अळसांदे (चवळी) पेरतात आणि पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) तयारी सुरू होते.