पावसाचा आकडा मागवताना

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. पावसाचं ॲप लिहिणारी मुंबईतली मुलं आज असा आकडा दोन ओळींत मिळवतात. एका ओळीत सर्व्हरकडून मागवायचा, दुसरीत पार्स करायचा, म्हणजे आलेल्या मजकुरातून उलगडून घ्यायचा. त्या दोन ओळींमागे बरीच खटपट आहे.

सुरुवातीला वेबपानं फक्त माणसांसाठी असत. प्रोग्रामला आकडा हवा असेल तर सगळं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, उतरवून त्यात तो हुडकायचा. पानावरच्या तक्त्यात एखादा रकाना वाढला, की सांताक्रूझच्या जागी कुलाबा दिसणार!

फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल, म्हणजे डेटा टॅगांमध्ये गुंडाळून लिहायची पद्धत, प्रमाणित झालं. मग आला सोप, प्रोग्रामांनी एकमेकांशी एक्सएमएलमधून बोलायचा प्रोटोकॉल. नावातलं पहिलं अक्षर 'सिम्पल'चं, पण सोपं त्यात फारसं काही नव्हतं. एक आकडा पाठवायचा तरी पाकीट, पाकिटात मजकूर, मजकुरात टॅग. संगणकशास्त्रज्ञ रॉय फील्डिंग यांनी २००० साली प्रबंधात 'रेस्ट' या वेब-रचनेच्या शैलीची मांडणी केली. प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता द्या, ती वाचायला साधी 'गेट' विनंती पुरते.

दरम्यान १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता डेटा आणायची सोय दिली होती. २००५ च्या फेब्रुवारीत या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव मिळालं. त्यातला 'एक्स' एक्सएमएलचा, पण पुढे बाजी मारली जेसनने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या धर्तीवर डेटा लिहायच्या पद्धतीने. प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी ते निर्माण केलं नाही, जावास्क्रिप्टमध्ये होतंच, त्यांना सापडलं. आलेला मजकूर तेव्हा सर्रास 'इव्हॅल'मधून, म्हणजे मजकूर कोड समजून चालवणाऱ्या फंक्शनमधून, चालवत. समोरून आकड्याऐवजी कोड आला, तर तोही निमूट चालायचा. डिसेंबर २००९ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात मजकूर न चालवता फक्त वाचणारं 'जेसन.पार्स' आलं आणि हा धोका टाळायची रीतसर वाट मिळाली. 'फेच', म्हणजे पहिल्या ओळीतली मागवायची सोय, ब्राउझरांत आलं ते २०१५ मध्ये.

आपल्याला नडते ती वेगळीच गोष्ट. जेसनमध्ये मराठी मजकूर बिनधास्त चालतो. २०१७ पासून देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ हे जगभरच्या लिप्या साठवणारं एन्कोडिंग सक्तीचंच आहे. संख्या मात्र इंग्रजी अंकांतच हवी. अवतरणाशिवाय ९४४ लिहिलंत तर पार्सर तिथेच अडतो. अवतरणात लिहिलंत तर तो मजकूर होतो, आणि जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला दिल्यावर उत्तर येतं, ही संख्याच नव्हे. पायथॉन या दुसऱ्या भाषेचं 'इंट' मात्र तेच देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं.