येळ्ळूर, शहापूर, धारवाड: सीमाभागातल्या मुलांचा सीईटीचा अर्ज कुठे अडतो

अर्ज भरायला मुलगा समोर बसला की मी आधी त्याला मार्क विचारत नाही, शाळा विचारते. पहिली ते चौथी येळ्ळूर, पाचवी ते दहावी शहापूर, पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) धारवाड. एवढ्या एका ओळीवरून त्याला कर्नाटकात काय मिळेल, महाराष्ट्रात काय मिळणार नाही आणि कुठल्या रकान्यातली खूण पडताळणीत उडेल, हे बऱ्यापैकी कळतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पुष्कळ मुलं बारावीला दोन्हीकडचे फॉर्म भरतात: इकडे केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) केसीईटी, तिकडे महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी, दोन्ही इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा. अभ्यास केलेलं पोर एका दाखल्यासाठी मागं राहतं तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

परीक्षेचं आधी थोडक्यात. केसीईटीला प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण आणि ८० मिनिटं. उत्तरं ओएमआर शीटवर पेनानं रंगवायची. इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मं वजन सीईटीचं आणि निम्मं पीयूसीच्या गुणांचं असतं, त्यामुळे "सीईटी आहे ना" म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. एमएचटी-सीईटी संगणकावर होते. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, गणिताचे ५० प्रश्न वेगळ्या ९० मिनिटांत आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण. चुकलेल्या उत्तराचे गुण दोन्हीकडे कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तयारीत आपल्या मुलांची गल्लत होते ती पुस्तकांची. पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं असतात, तर एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावर निघते: साधारण २० टक्के अकरावीचं, ८० टक्के बारावीचं. धडे बरेचसे तेच, पण मांडणी आणि उदाहरणं वेगळी. ई-बालभारतीच्या साइटवर महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं फुकट उतरवता येतात. डिसेंबरपर्यंत निदान एकदा तरी नजरेखालून घाला. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की एमएचटी-सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून मिळतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. नीट किंवा जेईई मेन मराठीतून द्यायची असेल तर केंद्रही महाराष्ट्रातलंच घ्यावं लागतं. "भाषा मराठी, केंद्र बेळगाव" असं जमत नाही. कोल्हापूर निवडा आणि आदल्या दिवशी मुक्कामाला जा.

आता कागद. कर्नाटकातल्या सरकारी कोट्यातल्या जागेसाठी मूळ अट सात वर्षांची आहे. पहिली ते पीयूसी दुसरं वर्ष या काळात किमान सात पूर्ण शैक्षणिक वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा पीयूसी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असावी. येळ्ळूर-शहापूरच्या मुलाला इथे काहीच अडचण नाही. अडचण ती सिद्ध करण्याची. सॅट्स नंबर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला मुलाचा क्रमांक, टाकला की शाळेची बरीच माहिती आता आपोआप येते. पण नोंदच अर्धवट असेल, नाहीतर नावात फरक असेल, तर स्टडी सर्टिफिकेट, म्हणजे कोणत्या वर्षी कुठे शिकला याचा शाळेचा दाखला, काढावं लागतं, प्रत्येक शाळेचं वेगळं, आणि त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी हवी.

गेल्या खेपेला खानापूरच्या पलीकडून एक बाई आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार दाखले, प्रत्येकाला वेगळी घडी. एकावर शिक्का होता पण सही नव्हती. दुसऱ्यावर "इयत्ता १ ते ४ येथे शिकला" एवढंच, वर्षं कुठेच नाहीत. तिसरा ठीक होता, पण बीईओंची सही नव्हती. त्यासाठी त्या तीनदा एका कार्यालयात जाऊन आल्या होत्या आणि तिन्ही वेळा "साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या" हेच उत्तर. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. ज्या कागदावर पोराचं वर्ष अवलंबून आहे त्यावरच्या दोन सह्यांसाठी बाईला तीन दिवस घालवावे लागतात, हे मला आजही पटत नाही. म्हणून सांगते, मुख्याध्यापकांकडून दाखला हातात घेतला की तिथेच वाचा. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच हवं, कोणत्या इयत्तेत कोणतं वर्ष ते हवं, माध्यम लिहिलेलं हवं, शिक्का-सही हवी. गावची शाळा बंद पडली असेल तर तिचं रजिस्टर कुठे ठेवलंय ते बीईओ ऑफिसला विचारा, आणि हे पीयूसीच्या पहिल्या वर्षीच करा.

यानंतर दोन खुणा, ज्या भरभर फॉर्म भरताना चुकून पडतात. पहिली ग्रामीण कोट्याची. पहिली ते दहावी, दहाही वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत व्हायला लागतात. पाहतात ती शाळा कुठे आहे, घर कुठे आहे ते नव्हे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचं घर येळ्ळूरला, आजही तिथेच राहतो, पण पाचवीपासून शाळा शहापूरची, म्हणजे शहरातली. ग्रामीण कोटा गेला. त्याच्या वडिलांना हे पटवताना अर्धा तास गेला, कारण रेशन कार्डापासून सगळं गावचं.

दुसरी खूण कन्नड माध्यमाची. मराठी शाळेत कन्नड विषय सगळेच शिकतात, म्हणून पालक "हो" म्हणतात. कन्नड हा विषय असणं आणि पहिली ते दहावी सगळं शिक्षण कन्नड माध्यमातून होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी माध्यमाच्या मुलानं ही खूण करूच नये. ती पडताळणीत निघते, आणि तेवढ्यात मुलगा त्या रँकच्या भरवशावर स्वप्नं रंगवून बसलेला असतो.

जातीच्या दाखल्याचं तसंच. केईए आरडी नंबर मागते, म्हणजे नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळालेल्या दाखल्यावरचा, आरडीनं सुरू होणारा क्रमांक. तो मुलाच्या स्वतःच्या नावाचा हवा, वडिलांचा चालत नाही. नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर टाकून जातीचा कोटा मिळत नाही. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो. त्यासाठी जात आणि उत्पन्न दोन्ही असलेला दाखला लागतो. दाखला जुना असेल तर मुदत बघा. आणि नाव! दहावीला "पाटील एस. एम.", आरडी दाखल्याला "सागर मारुती पाटील", आधारला आणखी तिसरं. आपल्याकडे नाव-वडील-आडनाव लिहायची रीत आणि इथल्या कागदांवर आद्याक्षरांची, त्यातून हे होतं. दहावीचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. भालकी, बसवकल्याणकडच्या वाचकांसाठी एवढंच, की राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) चा, म्हणजे कल्याण कर्नाटक भागासाठीच्या आरक्षणाचा, लाभ बीदर जिल्ह्याला आहे, त्याचा दाखला वेगळा काढा. बेळगाव जिल्ह्याला तो लागू नाही, उगाच खेटे घालू नका.

आता महाराष्ट्राची बाजू. तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार ए पासून ई पर्यंत प्रकारांत धरतात आणि त्यातला ई आपल्यासाठी आहे: वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी आणि बारावी, आणि मातृभाषा मराठी. सीमाभाग म्हणजे महाराष्ट्रानं दावा सांगितलेली ८६५ गावं. मार्कशीट आणि टीसीशिवाय दोन दाखले लागतात, नमुना जी-१ सीमाभागाचा आणि जी-२ मातृभाषेचा. दोन्ही नमुने माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. तेच पान छापून न्या. शाळेच्या लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहून आणलेला दाखला परत येतो, मी तो परत आलेला पाहिला आहे.

जी-२ साठी शाळेच्या जनरल रजिस्टरात मातृभाषेपुढे काय लिहिलंय हे महत्त्वाचं. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलांच्या बाबतीत प्रवेशाच्या दिवशी कुणी विचारलेलंच नसतं. कारकुनानं "कन्नड" लिहून टाकलेलं असतं, नाहीतर रकाना रिकामा. घरात आजीपासून सगळे मराठी बोलतात, पण मुख्याध्यापक रजिस्टरात असेल तेच लिहून देणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. तुमचं मूल आठवी-नववीत असेल तर या महिन्यात शाळेत जाऊन तो रकाना बघून या.

आणि धारवाड. दहावी शहापूरला, म्हणजे सीमाभागात. पण पीयूसीसाठी मुलं धारवाड-हुबळीला जातात, तिथल्या कॉलेजात सीईटीची तयारी चांगली होते म्हणून. ती गावं ८६५ मध्ये नाहीत. म्हणजे ई प्रकार हातचा गेला, आणि हे पालकांना बारावीच्या निकालानंतर कळतं. अकरावीला कुठे घालायचं हे ठरवताना हा हिशेब कुणी सांगत नाही. कर्नाटकातली जागा हेच ध्येय असेल तर धारवाडला खुशाल पाठवा. पुणे-कोल्हापूरची आस असेल तर आधी विचार करा.

दहावी बेळगावला आणि बारावी कोल्हापूरला केलेल्यांचंही असंच. ते ई मध्ये बसत नाहीत आणि ए मध्येही नाहीत, कारण ए ला दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून लागतात. आईवडिलांपैकी कुणाचा किंवा मुलाचा स्वतःचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तरच बी चा रस्ता उघडतो. तो नसेल तर घाबरू नका, सात वर्षं आणि एसएसएलसी (दहावी) इथली असल्यानं केसीईटीचा हक्क शाबूत आहे. उलट शिनोळीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून बेळगावला पीयूसीसाठी येणाऱ्या मुलांना केसीईटीची सात वर्षं भरत नाहीत. त्यांनी अधिवास दाखला काढून बी मधून महाराष्ट्रातच प्रयत्न करावा. नाडकचेरीचा आरडी दाखला महाराष्ट्रातल्या आरक्षणाला चालत नाही, तिथे तिथलाच जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. एमबीबीएस-बीडीएसला सीमाभागाचा कोटा वेगळा आहे, त्याची पुस्तिकाही वेगळी; इंजिनिअरिंगची पुस्तिका वाचून मेडिकलचा अर्ज भरू नका.

तारखांची चूक मात्र सगळेच करतात. एमएचटी-सीईटीचा फॉर्म हा परीक्षेचा फॉर्म आहे. निकालानंतर कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी नव्यानं करावी लागते, तिची फी वेगळी, कागदपत्रं तेव्हा तपासतात आणि जी-१, जी-२ लागतात ते तेव्हाच. "आम्ही मार्चमध्येच भरला होता की फॉर्म," असं म्हणत जुलैत आलेल्या मुलीला काय सांगायचं? केसीईटीतही निकाल लागला म्हणजे संपलं असं नाही, ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, स्वतः भरायची असते, आणि नीट दिलेल्यांनीही कर्नाटकातल्या मेडिकल जागेसाठी केईएकडे नोंद करायची असते.

प्रवेश मिळाल्यावर पहिले काही दिवस इंडक्शन कार्यक्रम असतो, त्याला दांडी मारू नका, ब्रिजचे तास आणि लॅबच्या बॅचेस तिथेच कळतात. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजांत सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये कन्नडचा एक छोटा विषय असतो: कन्नड येणाऱ्यांना सांस्कृतिक कन्नड, न येणाऱ्यांना बळके कन्नड. बोलता येतं पण लिहिताना अडतं अशी आपली पुष्कळ मुलं संकोचानं पहिलाच विषय घेतात आणि मग पेपरला चाचपडतात. नाव नोंदवायच्या दिवशीच शिक्षकांना सरळ सांगा की कन्नड वाचता किती येतं आणि लिहिता किती येतं, आणि त्याप्रमाणे विषय घ्या.