बायोसची आवृत्ती, बायोसमधली सेटिंग आणि ‘ऑटो’चा घोळ

“नवा बायोस टाकल्यापासून पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायलाय. ह्या बोर्डाला सगळ्यात स्टेबल बायोस कोणता?” लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठूनही विचारणा येवो, वाक्य हेच असतं. (बायोस म्हणजे पीसी चालू होताच सगळ्यात आधी धावणारं, मदरबोर्डातलं सॉफ्टवेअर.) उत्तरही ठरलेलं: “मागचा टाक, तो स्टेबल आहे.” विचारणारा मागचा टाकतो, रिस्टार्ट थांबतात आणि नवी आवृत्ती भंगार असल्याचं गावभर होतं. मग त्या आवृत्तीत प्रोसेसर वाचवणारी दुरुस्ती असली तरी तिच्याकडे कुणी फिरकत नाही. हे वर्षानुवर्षं चाललंय आणि त्यापायी लोकांचे महागडे प्रोसेसर खराब होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मल्टिप्लायर (प्रोसेसरची गती ठरवणारा गुणक), व्होल्टेज, एक्सएमपी (रॅमला तिची जाहीर गती लावणारं प्रोफाइल) हे तुम्हाला येतं असं धरतो. ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त गतीने पळवायला, इंटेलमध्ये नावाशेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेट हवा; एएमडीत बी आणि एक्स चिपसेट चालतात, ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बायोस म्हणायचं की त्याच्या नव्या रूपाचं नाव यूईएफआय, या वादात मला रस नाही. दुकानदारापासून बोर्डाच्या कंपनीपर्यंत सगळे बायोसच म्हणतात. ‘बीटा’ या शिक्क्याला घाबरूही नका आणि भुलूही नका, बदलांची यादी वाचा.

आवृत्ती म्हणजे कंपनीने दिलेलं फर्मवेअर, बोर्डाच्या चिपमधलं सॉफ्टवेअर. एएमडीच्या बोर्डावर त्याच्या पोटात एजेसा (एएमडीने दिलेला मूळ कोड) असतं, इंटेलच्या बोर्डावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामासाठी इंटेलने दिलेला कोड), आणि त्यावर बोर्ड कंपनी आपला मेनू चढवते. त्यामुळे बोर्डाच्या आवृत्तीचा नुसता क्रमांक फारसं काही सांगत नाही. आत कोणतं एजेसा किंवा कोणता मायक्रोकोड आहे ते बघितलं तरच दोन कंपन्यांच्या बोर्डांची तुलना होते. सेटिंग म्हणजे त्या मेनूत तुम्ही स्वतः टाकलेला आकडा. इथपर्यंत कुणाचाच गोंधळ नसतो. गोंधळ होतो तो ‘ऑटो’वर.

ऑटो ही तुमची सेटिंग नाही. मेनूत शेकडो ओळी असतात, आपण त्यातल्या दहाबारा बदलतो आणि बाकी सगळ्या ऑटोवर राहतात. ऑटोवर राहिलेली प्रत्येक ओळ त्या आवृत्तीच्या ताब्यात असते: किती व्होल्टेज द्यायचं, किती वॅटपर्यंत जाऊ द्यायचं, रॅमची दुय्यम टायमिंग काय ठेवायची, हे फर्मवेअर ठरवतं. आवृत्ती बदलली की हे आकडे बदलू शकतात, पण मेनूत मात्र आधीही ऑटो दिसत होतं आणि आताही ऑटोच दिसतं. म्हणून माणूस छातीठोकपणे सांगतो, “मी सगळं जसंच्या तसं टाकलंय.” तो खोटं बोलत नसतो. त्याने टाकलेले दहा आकडे तेच आहेत. न टाकलेल्या शेकड्यातले काही हलले आहेत.

सगळ्यात जास्त लोक व्होल्टेजच्या ऑफसेटमध्ये फसतात. ऑफसेट म्हणजे पक्का भाव नव्हे, लातूरच्या अडतीत ‘बाजारभावापेक्षा शंभर कमी’ असा केलेला सोयाबीनचा सौदा आहे. बाजारभावच हलला तर शंभर कमी करून हातात येणारी रक्कमही हलते. तुम्ही उणे ०.०८० व्होल्ट टाकता तेव्हा ते कशातून वजा होणार, हे फर्मवेअर ठरवतं.

इंटेलच्या बोर्डावर एसी लोडलाइन नावाची एक ओळ असते, बहुतेकांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नसते. भार वाढला की प्रोसेसरने किती जास्त व्होल्टेज मागायचं, ते तिच्यावर ठरतं. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या आय९ साठी इंटेलची कमाल मर्यादा १.१ मिलिओहम. बोर्ड कंपन्या ऑटोमध्ये यापेक्षा बराच कमी आकडा ठेवतात आणि तो आवृत्तीगणिक बदलतात. समजा जुन्या आवृत्तीत ऑटो म्हणजे ०.४ होतं आणि नव्या आवृत्तीत १.१ झालं. फरक ०.७ मिलिओहम. प्रोसेसर १५० अँपिअर ओढत असेल तर १५० गुणिले ०.७, म्हणजे मागणीत १०५ मिलिव्होल्टची वाढ. तुमचा ८० मिलिव्होल्टचा अंडरव्होल्ट (केलेली कपात) त्यात बुडून जातो, प्रोसेसर पूर्वीपेक्षा जास्त तापतो आणि तुम्ही म्हणता, नव्या बायोसने प्रोसेसर तापायला लागला.

आता उलटं बघा. तुम्ही नव्या आवृत्तीवर बसून उणे ०.१०० पर्यंत व्यवस्थित उतरलात, आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘स्टेबल’ जुना बायोस टाकून त्यात तोच ऑफसेट भरला. आता मूळ मागणीच १०५ मिलिव्होल्टने खाली आली आणि त्यातून आणखी १०० वजा. विंडोज उघडायच्या आत निळा पडदा. दोन्ही वेळा फर्मवेअर धड होतं, तुमचा आकडाही तोच होता. त्या आकड्याखालची जमीन तेवढी सरकली.

यावर माझं मत पक्कं आहे: ऑफसेट वापरायचा असेल तर एसी लोडलाइन, डीसी लोडलाइन (वॅटचा हिशेब जिच्यावर होतो ती) आणि लोडलाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते) ही तिन्ही हाताने ठरवून टाका, ऑटोवर ठेवू नका. लोडलाइन कॅलिब्रेशनची पातळी दुसऱ्याच्या व्हिडिओतून उचलायचं तर आधी बंद करा. आसुसवर पातळीचा आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. एमएसआय आणि एएसरॉकवर उलट, १ सगळ्यात घट्ट. गिगाबाइटवर आकड्यांऐवजी टर्बो, एक्स्ट्रीम अशी नावं. आसुसवाल्याची सौम्य पातळी २ एमएसआयवर तशीच टाकली की व्होल्टेज कुठे जाऊन बसेल, याचा विचार करा. आणि अगदी घट्ट पातळी मला कुठल्याच बोर्डावर पसंत नाही. भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ही उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

वॅटच्या मर्यादेतही हेच होतं. आय९-१३९००के ची इंटेलने दिलेली कमाल मर्यादा २५३ वॅट. कित्येक झेड बोर्डांवर ऑटोचा अर्थ होता ४०९६ वॅट, म्हणजे मर्यादाच नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या आग्रहाने ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ आलं, ऑटोचा अर्थ इंटेलच्या मर्यादेत आला आणि वेग मोजणाऱ्या सिनेबेंचचे गुण उतरले. “नव्या बायोसने पीसी स्लो केला” ही ओरड तिथून सुरू झाली. हळू काही केलं नव्हतं, आधीचा वेग प्रोसेसरचं आयुष्य खाऊन मिळत होता.

एएमडीकडे २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची प्रकरणं बाहेर आली. एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपीसारखं प्रोफाइल) चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) ऑटोमध्ये गरजेपेक्षा बरंच वर नेत होते. एएमडीने नव्या फर्मवेअरमधून त्यावर १.३० व्होल्टची मर्यादा घातली. ज्यांनी हाताने १.२५ टाकलेलं होतं त्यांच्याकडे काही फरक पडला नाही. ज्यांची रॅम ऑटोच्या वाढीव व्होल्टेजवरच तग धरून होती ती अडखळली, आणि त्यांनी जुनी आवृत्ती परत टाकली, जिच्यात प्रोसेसर जाळणारं व्होल्टेज होतं. या सल्ल्याची मला चीड येते ती याचसाठी.

फर्मवेअरचाच दोष असतो तेव्हा तो कसा दिसतो, हेही सांगायला हवं. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेलमध्ये चुकीची जास्तीची व्होल्टेज-मागणी होत होती आणि प्रोसेसर हळूहळू झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड आला, त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. हे प्रोसेसर असणाऱ्याने जुन्या आवृत्तीवर राहायला एकही सबळ कारण नाही. पण झिजलेला प्रोसेसर कुठलाच बायोस दुरुस्त करत नाही. सगळं डिफॉल्टवर ठेवूनही गेम कोसळत असतील तर आवृत्त्या बदलत बसू नका, वॉरंटी मागा. खोक्यातून घेतलेल्या अशा प्रोसेसरची मुदत इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली आहे.

आता उलट बाजूचं उदाहरण, जिथे फर्मवेअरचा काही संबंध नव्हता. माझा भाचा नांदेडला आहे, आठ कोरचा रायझन ५८००एक्स वापरतो. त्याचा फोन आला: “मामा, रेंडर करताना काई होत नाही, अन् नुसती गाणी ऐकताना बंद पडायलाय. नव्या बायोसचाच घोळ दिसायलाय.” मी त्याला विंडोजमधलं नोंदवही असलेलं इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगितलं. डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), इव्हेंट १८, आणि प्रत्येक नोंदीत एपीआयसी आयडी (चूक कुठल्या धाग्यावर झाली त्याचा क्रमांक) ६. या प्रोसेसरवर एका कोरचे दोन धागे, म्हणजे शून्यापासून मोजलं तर आयडी ६ आणि ७ हा कोर क्रमांक ३. सगळ्या नोंदी एकाच कोरच्या, मग आवृत्तीवर आळ कशाला? त्याने कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (एकेका कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं एएमडीचं साधन) सगळ्या कोरना उणे ३० दिलं होतं. एक घर म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, त्यामुळे उणे ३० ही मोठी कपात आहे आणि प्रत्येक कोरला ती झेपत नाही. कोर ३ ला उणे १२ वर आणलं, बाकीचे तसेच ठेवले, बंद पडणं थांबलं.

रेंडर करताना का होत नव्हतं, तेही नीट समजून घ्या. सगळे कोर कामाला लागले की घड्याळगती खाली येते आणि तिथे व्होल्टेज पुरतं. गाणी ऐकताना एखादाच कोर क्षणभर सगळ्यात वरच्या गतीला उडी मारतो आणि नेमकं तिथे कमी पडतं. म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझर लावल्यावर दहा मिनिटं सिनेबेंच चालवून ‘स्टेबल’ जाहीर करणं मला अजिबात मान्य नाही. कोअरसायकलर एकेका कोरला वेगळा ताण देतं, ते रात्रभर लावा. रॅमसाठी टेस्टमेम५ किंवा मेमटेस्ट८६ वेगळं.

दोष कुणाचा हे काढायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. आवृत्ती बदलायच्या आधी, जुन्यावर सगळं चालू असताना, एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि पूर्ण भाराखालचे प्रत्यक्ष आकडे लिहून घ्या: व्हीकोर (कोरला मिळणारं व्होल्टेज), एसओसी व्होल्टेज, पॅकेजचे वॅट, तापमान. मेनूचे फोटो पुरेसे नाहीत, त्यात ऑटोच दिसणार. पेन ड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं की बहुतेक बोर्डांवर मेनूचं चित्र साठतं, तेही घ्या, पण जोडीला म्हणून. नवी आवृत्ती टाकल्यावर पहिले काही दिवस एक्सएमपीसुद्धा न लावता डिफॉल्टवर वापरा. इथेच कोसळलं तर संशय आवृत्तीवर किंवा हार्डवेअरवर. टिकलं तर आधी फक्त रॅम, मग फक्त प्रोसेसर, आणि प्रत्येक वेळी एचडब्ल्यूइन्फोचे आकडे जुन्या कागदाशी ताडून बघा. जो आकडा हलला असेल तो ऑटोमधून काढून हाताने टाका. जुन्या आवृत्तीत साठवलेलं प्रोफाइल नव्यात चढवू नका. बरेच बोर्ड ते नाकारतात, आणि जो स्वीकारतो त्याच्यावरही मी विश्वास ठेवत नाही. पुन्हा हाताने भरायला अर्धा तास लागतो, तो द्या.

फ्लॅश करताना, म्हणजे नवा बायोस चिपमध्ये लिहिताना, विंडोजमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर वापरू नका. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह आणि बोर्डाच्या मेनूतलं फ्लॅशचं साधन, किंवा मागच्या बाजूचं फ्लॅशबॅकचं बटण. आपल्याकडे वळवाचा वारा सुटला की लाइट जाते, त्यामुळे यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेलं असताना हे काम हातात घेऊ नका. यूपीएसची बॅटरी खरंच धरते का, तेही आधी प्लग काढून बघा. आणि काही आवृत्त्यांवरून मागे येता येत नाही, कंपनी ते बदलांच्या यादीत लिहिते. ती ओळ न वाचता पुढे जाऊ नका.

यात हवेचाही हात असतो आणि मराठवाड्यात तो लहान नाही. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत भाराखाली ८२ वर राहणारा इंटेल प्रोसेसर मे महिन्यात ३८ अंशांच्या पत्र्याच्या खोलीत १०० च्या मर्यादेला टेकतो, कारण खोलीची वाढ जवळजवळ तशीच्या तशी प्रोसेसरवर चढते. त्याच गतीला गरम चिपला व्होल्टेजही थोडं जास्त लागतं. मार्चमध्ये टाकलेला बायोस मग एप्रिलमध्ये बदनाम होतो. हिवाळ्यात काढलेली सेटिंग मला अर्धवटच वाटते. ती उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता एकदा तपासा, आणि पाण्याच्या कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका.

यानंतरही अडलात आणि कुणाला विचारायचं ठरवलंत, तर ‘स्टेबल बायोस कोणता’ असं विचारू नका. बोर्डाचं पूर्ण नाव, आवृत्ती आणि तिच्यातलं एजेसा किंवा मायक्रोकोड, हाताने टाकलेले सगळे आकडे, लोडलाइनच्या ओळी ऑटोवर आहेत की नाहीत, भाराखालचं व्हीकोर, खोलीचं तापमान आणि इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद, एवढं लिहा. ती नोंद फोटोत नको, मजकूर कॉपी करून द्या. एपीआयसी आयडी अंधुक फोटोत वाचता येत नाही.