मालकाच्या डोक्यातलं मोल्डरच्या हातात

मालकाचं धोरण खालच्या कामगारापर्यंत पोचवायचं कसं? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या वर्कशॉपांत हा प्रश्नच नव्हता. मालक स्वतः लेथवर उभा असायचा. पाच वर्षांनी काय करायचं आणि आज दुपारी कुठला जॉब लावायचा, दोन्ही एकाच डोक्यात. पुढे कारखाने शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला थाटले गेले, तीन पाळ्या सुरू झाल्या, मधे मॅनेजर-सुपरवायझर आले आणि मालकाचं बोलणं मोल्डरपर्यंत, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कामगारापर्यंत, जाता जाता पातळ व्हायला लागलं. फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, भिंतीवर आज केपीआयचे (कामगिरी मोजणाऱ्या आकड्यांचे) बोर्ड दिसतात ते यावरचा इलाज म्हणून. इलाज मात्र बाहेरून आलेला.

१९५४ साली व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. मूळ नावात पुढे ‘आणि आत्मनियंत्रण’ असंही होतं. ते बहुतेकांनी सोयीनं गाळलं. मॅनेजरनं वर्षातून दोनदा साहेबाला पत्र लिहावं, असं ड्रकर सांगत होते: तुमचं काम काय, माझं काय, आणि तुम्ही व कंपनी जे करता त्यातलं कशानं मला मदत होते, कशाचा अडथळा होतो. हा शेवटचा भाग लिहायची छाती आपल्याकडे कितीजणांना होईल?

जपाननं हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं गाठली. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी तिथे १९५० मध्ये व्याख्यानं दिली, १९५१ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. तो मिळवलेल्या कंपन्यांच्या पद्धती अभ्यासून ब्रिजस्टोननं १९६५ मध्ये जो अहवाल केला, त्यातून ‘होशिन कान्री’ हे नाव रुजलं. होशिन म्हणजे धोरण, दिशा. कान्री म्हणजे व्यवस्थापन. वर्षाची मोजकीच उद्दिष्टं ठरवायची आणि ती खाली नुसती पाठवायची नाहीत. खालच्यानं ‘हे जमेल, पण अमुक लागेल’ असं वर परत टाकायचं. चेंडू झेलावा-फेकावा तसं, म्हणून याला ‘कॅचबॉल’ म्हणतात. गंमत अशी, की खुद्द डेमिंग नंतर आकड्यांच्या टार्गेटवर कडाडून टीका करत राहिले. पैशापलीकडचीही कामगिरी मोजणारं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड (१९९२) आणि इंटेलमधून गुगलपर्यंत गेलेले ओकेआर (उद्दिष्टं आणि त्यांचे मोजता येणारे निकाल) ही याच गोतावळ्यातली पुढची मंडळी.

भारतात हे वळण वाहन उद्योगानं आणलं. सुझुकीबरोबरच्या करारानंतर डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटननं आणि २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानं डेमिंग पुरस्कार मिळवला. गाड्या-ट्रॅक्टरवाल्यांना कास्टिंग (ओतीव भाग) पुरवणाऱ्या कोल्हापूरला ही भाषा शिकावीच लागली. गिऱ्हाईकाचं ऑडिट आलं की बोर्ड लागतो.

बोर्ड लागला, कॅचबॉल मात्र राहूनच गेला. समजा वरून आलं, ‘यंदा रिजेक्शन (बाद होणारा माल) सहावरून चार टक्के.’ सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर आकडा वाचतो, सगळे माना डोलावतात. मोल्डरला ठाऊक असतं, की दुसऱ्या पाळीत परतीची, म्हणजे साचे मोडून पुन्हा वापरायची, वाळू गरमच येते, ओलावा धरत नाही, साचा ढासळतो आणि कास्टिंगमध्ये वाळू जाते. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणेल, “साहेब, वाळू गार करून द्या की.” आता सँड कूलर बसवायचा तर तो मोल्डरच्या टार्गेटमध्ये बसत नाही, मालकाच्या पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बसतो.