एक गाव एक पाणवठा

एक गाव एक पाणवठा ही महाराष्ट्रातली अस्पृश्यता मोडायची चळवळ, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास पुण्याच्या डॉ. बाबा आढावांनी सुरू केलेली. मागणी एका ओळीची: गावात जो काही सार्वजनिक पाणवठा असेल, विहीर असो, आड असो नाहीतर नदीचा घाट, तिथं सगळ्या जातीच्या लोकांनी एकत्रच पाणी भरायचं. दलितांसाठी वेगळी विहीर खोदून द्या अशी ही मागणी नव्हतीच, तो सोपा मार्ग होता, भांडणही मिटतं आणि शिवाशिवही शाबूत राहते.

आधी काय चालायचं ते नीट डोळ्यासमोर आणायला हवं. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बायका गावच्या विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या, कुणीतरी शेंदून वरून त्यांच्या हंड्यात ओतायचं, हंड्याला हंडा लागू द्यायचा नाही, आणि ओतणारीला वेळ नसला की उन्हात ताटकळायचं. पाणी भरणं हे बायकांचं काम, त्यामुळे हा अपमानही रोजच्या रोज बायकांच्याच वाट्याला, दिवसातून जितक्या खेपा तितक्यांदा. दुष्काळात वस्तीतले आड आधी आटले की मग गावच्या विहिरीशिवाय इलाज राहायचा नाही, म्हणून वाद नेमका तेव्हाच पेटायचा.

पाणवठा सगळ्यांना खुला हवा या मागणीला कायद्याचा आधार नव्हता असं मात्र अजिबात नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्येच पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. १९२३ मध्ये सी. के. बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करायचा ठराव मंजूर करून घेतला, पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, आणि तरी तिथं पाणी प्यायला कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर हे लोक देवळात घुसणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला झाला, पण उलट हात उचलायचा नाही असं बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं आणि त्यांनी ते पाळलं. चिडलेली, संख्येनं जास्त असलेली माणसं गप्प राहतात याला केवढा दम लागतो, सत्याग्रहाबद्दल लिहिताना हे फारसं कुणी सांगत नाही. नंतर सवर्णांनी तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केलं. तळ्याचा वाद कोर्टात गेला, आणि हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्दच लिहिले गेले, कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली, १९५५ ला शिक्षेचा कायदाही आला. म्हणजे बाबा आढाव निघाले तेव्हा मागायला नवीन असं काही शिल्लकच नव्हतं. जे होतं ते विहिरीपर्यंत पोचवायचं होतं.

बाबा पेशाने आयुर्वेदाचे डॉक्टर, हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेमुळे पुण्याला माहीत असलेले. चळवळीची पद्धत अगदी साधी: गावोगाव फिरायचं, पाणी कोण कुठून भरतं ते विचारायचं, सभा घ्यायची, गावकऱ्यांशी बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून पाणवठ्यावर जायचं. ‘आमच्या गावात असलं काही नाही हो’ हे उत्तर बहुतेक गावांत तयारच असायचं, पण वस्तीत जाऊन बायकांना विचारलं की खरं कळायचं. अवघड होता तो दुसरा दिवस. कार्यकर्ते एसटीने निघून जाणार आणि वस्तीतल्या माणसाला त्याच गावात मजुरी मागायची, त्याच दुकानातून मीठमिरची आणायची, त्याच गिरणीवर दळण न्यायचं. मारहाण न करताही माणसाला नमवता येतं, काम बंद, उधारी बंद, बोलणं बंद, आणि या हिंसेची पोलिसात नोंद करायला गेलं तर नोंदवणार काय! त्यामुळे एकदा भरलेली घागर पुढं चालू राहिली की नाही हाच खरा हिशोब होता, आणि तो सगळीकडे सारखा लागला नाही.

नंतर हापसे आले, नळयोजना आल्या, विहिरी मागं पडल्या. यातून शिवाशिव बरीच सैल झाली हे खरंच आहे, हापशाला रांग लावताना जात पाळणं जरा अवघड जातं. पण पाइपलाइन आधी कुठल्या आळीत जाते, वस्तीतल्या नळाला पाणी किती वेळ येतं आणि टँकर कुणाच्या दारात थांबतो यात जुना नकाशा बऱ्याच ठिकाणी तसाच दिसतो. २०१६ च्या दुष्काळात वाशिम जिल्ह्यातली एक बातमी गाजली होती: बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं म्हणून एका दलित मजुराने, कुणाशी न भांडता, मजुरी सांभाळून ४० दिवस एकट्यानं खणून स्वतःची विहीर काढली. पाणी लागलं, सगळ्या वस्तीला झालं, देशभर कौतुकही झालं. ज्या विहिरीवर नाकारलं होतं तिचं पुढे काय झालं हे मात्र त्या कौतुकात कुणी फारसं विचारलं नाही.